दाढदुखीला विमा नाही

दाढ ठणकू लागली की महाराष्ट्रात विमा असलेला आणि विमा नसलेला माणूस एकाच रांगेत येतो. दरवर्षी हजारो रुपयांचा हप्ता भरणाऱ्या कुटुंबाने आपल्या पॉलिसीचे कागद एकदा काढून पाहावेत. दंतोपचार बहुतेक वेळा वगळलेल्या गोष्टींच्या यादीत सापडतील. अपवाद असलाच तर अपघातात दात-जबड्याला मार लागून रुग्णालयात दाखल व्हावे लागल्याचा. विमा नियामकाच्या आदेशावरून कंपन्यांनी एप्रिल २०२० पासून आणलेल्या ‘आरोग्य संजीवनी’ या प्रमाणित पॉलिसीत आजारामुळे कराव्या लागणाऱ्या दंतोपचारांचा उल्लेख आहे, पण तोही दाखल झालेल्या रुग्णापुरता. रूट कॅनल करायला किंवा दाढ काढायला कुणी चोवीस तास खाटेवर झोपत नाही. खुर्चीत बसून अर्ध्या-पाऊण तासात होणारे हे काम विम्याच्या हिशेबात बसतच नाही.

सरकारी योजनांची घडणही तशीच आहे. २०१८ साली आलेली आयुष्मान भारत योजना आणि आपल्या राज्याची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना या दोन्ही दाखल होणाऱ्या रुग्णासाठी आखलेल्या आहेत. कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे संरक्षण आणि ते राज्यातल्या सर्व रहिवाशांना, हा २०२३ चा निर्णय मोठाच आहे. जबड्याचे फ्रॅक्चर, जबड्यातल्या गाठी अशा शस्त्रक्रिया या योजनांत बसतात. किडलेली दाढ बसत नाही. तीच किडलेली दाढ पिकून पू मानेत उतरला, माणूस अतिदक्षता विभागात पोचला, की योजनेचा दरवाजा उघडतो. दोन महिन्यांपूर्वी ती दाढ काढायला त्याच्याकडे पैसे नव्हते, तेव्हा तो दरवाजा बंद होता.

म्हणजे दातांच्या तातडीच्या उपचारांतला स्वस्त भाग रुग्णाने खिशातून भरायचा, आणि न भरता आल्यामुळे जो महाग भाग उभा राहतो तो सगळ्यांच्या पैशातून भरायचा. ही उलटी रचना नीट समजली तर अडचणीतल्या माणसाने आज काय करावे हे उमगते, आणि सरकारकडे नेमके काय मागावे तेही.

हे फक्त आपल्याकडेच घडते असे नाही. अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात फेब्रुवारी २००७ मध्ये डिमाँटे ड्रायव्हर नावाचा बारा वर्षांचा मुलगा गेला. दाढेतला संसर्ग मेंदूत पोचला होता. सुमारे ऐंशी डॉलरमध्ये दाढ काढता आली असती. मेंदूवरच्या दोन शस्त्रक्रिया आणि कित्येक आठवड्यांच्या रुग्णालयातल्या मुक्कामावर अडीच लाख डॉलरच्या घरात खर्च झाला, आणि मूल वाचले नाही. वृद्धांसाठी १९६५ च्या कायद्याने आलेल्या तिथल्या मेडिकेअरमधूनही नेहमीचे दंतोपचार पहिल्यापासून बाहेर ठेवलेले आहेत. ब्रिटनमध्ये १९४८ साली सर्वांसाठी मोफत आरोग्यसेवा आली, आणि तीनच वर्षांत रुग्णाकडून शुल्क घ्यायचे ठरले तेव्हा सुरुवात कवळी आणि चष्म्यापासूनच झाली. त्याच्या निषेधार्थ, ही सेवा उभारणाऱ्या ॲन्युरिन बेव्हन यांनी मंत्रिपद सोडले. दात म्हणजे शरीराबाहेरची काहीतरी वेगळी, हौसेची गोष्ट, हा समज जगभरच्या धोरणकर्त्यांनी जोपासला. जागतिक आरोग्य परिषदेने २०२१ साली तोंडाच्या आरोग्याविषयी ठराव केला. पुढच्या वर्षीच्या जागतिक आरोग्य संघटनेच्या अहवालानुसार सुमारे साडेतीन अब्ज लोकांना तोंडाचा काही ना काही आजार आहे. जगातली जवळपास निम्मी माणसे झाली ही.

आता दाढेकडे येऊ. कीड वरच्या कडक थरातून आत शिरत दाताच्या मध्यावरच्या मऊ भागापर्यंत पोचते. तिथे नस आणि रक्तवाहिन्या असतात. सूज आली तर पसरायला जागा नसते, कारण चारही बाजूंनी दाताची भिंत. म्हणून ती कळ असह्य असते. आडवे झाल्यावर डोक्याकडचा रक्तदाब वाढतो आणि कळ आणखी वाढते, म्हणून दाढ रात्री जास्त ठणकते. काही दिवसांनी नस मरते आणि दुखणे एकाएकी थांबते. इथेच पुष्कळ जण फसतात. ‘बरे वाटले’ म्हणून दवाखान्याचा विचार सोडून देतात. मेलेल्या नसेतला संसर्ग मात्र मुळाच्या टोकातून हाडात उतरत असतो. मग काही आठवड्यांनी गाल सुजतो. कधी हनुवटीखाली किंवा गालावर पुळी येऊन फुटते, तिच्यावर महिनोन्‌महिने मलम लावले जाते, आणि मूळ खालच्या दाढेत असल्याचे कुणाच्या लक्षात येत नाही.

या टप्प्यावर बहुतेक लोक पहिल्यांदा मेडिकलमध्ये जातात. काउंटरवरून पाच-सहा गोळ्यांची पुडी मिळते. त्यात एक अँटिबायोटिक, एक वेदनाशामक, एक ॲसिडिटीची. शंभर रुपयांच्या आत काम भागते, दुखणे दबते, पुन्हा महिन्याभराने तीच पुडी. अँटिबायोटिक दाताच्या आतल्या मेलेल्या नसेपर्यंत पोचूच शकत नाही, कारण तिथे रक्तपुरवठाच उरलेला नसतो. अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचना याबाबत स्पष्ट आहेत: फक्त दात दुखत असेल, किंवा पू एका जागी मर्यादित असेल, ताप वगैरे नसेल आणि दातावरचा उपचार लगेच होणार असेल, तर अँटिबायोटिक देऊ नये. दात उघडून पू काढावा, नस काढावी किंवा दात काढावा. औषधाची गरज ताप आला, सूज पसरू लागली, माणूस मलूल झाला तेव्हा, आणि तेव्हाही ते उपचाराच्या जोडीला. अशी पुडी वर्षभरात पाच-सहा वेळा घेणाऱ्याचे पैसे सरकारी दवाखान्यात दाढ काढण्याच्या खर्चाहून जास्त होतात.

दुखणे सकाळपर्यंत ढकलायचे असेल तर वेदनाशामक घ्यायला हरकत नाही. प्रौढ माणसाला आयब्युप्रोफेन आणि पॅरासिटामॉल एकत्र घेतल्याने दाढदुखीला चांगला उतार पडतो, आणि जनऔषधी केंद्रात ही औषधे अगदी स्वस्त मिळतात. पण मूत्रपिंडाचा विकार, पोटातला अल्सर, दमा, गरोदरपण, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या यांपैकी काही असेल तर आयब्युप्रोफेन डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. पावसाळ्यात अंगात ताप असेल आणि डेंग्यूची शंका असेल तरीही नको. लवंगेचे तेल कापसावर थेंबभर घेऊन किडलेल्या खड्ड्यात ठेवले तर थोडा आराम पडतो. हिरडीवर ओतले तर भाजते. ॲस्पिरिनची गोळी चुरडून हिरडीला लावण्याने पांढरी जखम होते. सुजलेल्या गालाला बाहेरून शेकू नये. आणि मिश्री. हिच्याविषयी थोडे थांबून लिहिले पाहिजे. भाजलेल्या तंबाखूची ही काळी पूड आपल्याकडच्या खेड्यापाड्यांत, विशेषतः बायकांमध्ये, दात घासायला वापरतात. कितीतरी जणींची सुरुवात दाढदुखीतूनच झालेली असते: दाढ दुखते म्हणून कुणीतरी चिमूटभर मिश्री लावायला सांगते, बधिरता येते, आणि पुढे ती दिवसातून चार वेळा लागते. दाढेवरचा उपचार वेळेत मिळाला असता तर तंबाखूची सवय लागली नसती, अशा स्त्रिया आपल्या ओळखीच्या प्रत्येक घरात नसल्या तरी प्रत्येक गावात आहेत. तोंडाचा कर्करोग हा या उपचाराअभावाचा एक लांबचा हिशेब आहे, आणि तो कोणत्याही योजनेच्या ताळेबंदात दिसत नाही.

खरी आणीबाणी कोणती, हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असावे. जबड्याखाली दोन्ही बाजूंना टणक सूज, तोंड उघडता न येणे, थुंकीही गिळता न येणे, जीभ वर उचलली जाणे, आवाज बदलणे, श्वास घ्यायला त्रास: ही लक्षणे दिसली तर दातांचा दवाखाना शोधण्यात वेळ घालवू नये. १०८ ला फोन करावा आणि मोठ्या रुग्णालयात जावे. जर्मन डॉक्टर लुडविग यांनी १८३६ साली या विकाराचे वर्णन केले आणि त्यांचेच नाव त्याला मिळाले. अँटिबायोटिक येण्यापूर्वी अशा निम्म्याहून अधिक रुग्णांचा मृत्यू होत असे. आजही मधुमेही माणसाला याचा धोका जास्त, आणि आपल्याकडे मधुमेही किती आहेत ते सांगायला नको. इथे पैशाचा विचार करत बसायचे नाही. जन आरोग्य योजना, धर्मादाय रुग्णालयाची तरतूद, सगळे मार्ग अशा दाखल रुग्णासाठी खुले असतात.

दुसरी आणीबाणी बिनपैशाची आहे, पण घड्याळाची आहे. क्रिकेट खेळताना, सायकलवरून पडून मुलाचा पुढचा पक्का दात मुळासकट बाहेर आला, तर तो वरच्या पांढऱ्या भागाला धरून उचलावा, मूळ घासू नये, घाण असेल तर पाण्याखाली क्षणभर धरावा आणि शक्य असेल तर त्याच खाचेत परत बसवून रुमाल चावायला द्यावा. जमत नसेल तर दुधात टाकावा. कोपऱ्यावरच्या टपरीवरचे दूध चालते. अर्ध्या तासात, फार तर तासाभरात दंतवैद्याकडे पोचले तर तो दात तारेने शेजारच्या दातांना बांधून वाचवता येतो. रुमालात गुंडाळून दुसऱ्या दिवशी आणलेला दात टिकत नाही, आणि मग पुढे ब्रिज किंवा इम्प्लांटचे हजारो रुपये. दुधाचा दात मात्र परत बसवायचा नसतो. दाढ काढल्यानंतर रक्त थांबत नसेल तर स्वच्छ कापडाची घडी अर्धा तास सलग दाबून धरावी, दर दोन मिनिटांनी उचलून पाहू नये, चुळा भरू नयेत. एवढ्याने बहुतेकांचे थांबते.

आता पैशाचे. खाजगी दवाखान्यात गावागणिक आणि डॉक्टरागणिक दर वेगळे आहेत, पण ढोबळ अंदाज असा: साधी दाढ काढायला काहीशे ते हजार-दीड हजार, हाडात अडकलेली अक्कलदाढ शस्त्रक्रियेने काढायची तर काही हजार, रूट कॅनल तीन हजारांपासून पुढे, वर कॅप बसवायची तर तितकेच किंवा त्याहून जास्त. २०२४-२५ साली महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला २९७ रुपये होती. रूट कॅनल आणि साधी कॅप मिळून सहा हजार धरले तरी वीस दिवसांची मजुरी. मजुराच्या घरात एका दातापायी एवढी रक्कम बाजूला निघत नाही. म्हणून गरीब घरात दाढ वाचत नाही, काढली जाते. पस्तिशीत चार-पाच दाढा गेलेली माणसे भाकरी एका बाजूने चावतात, मग मऊ भातावर येतात.

या आकड्यांसमोर माणूस गोठतो, कारण त्याला एकच आकडा सांगितला जातो: सगळ्या उपचाराचा. पण तातडीचा भाग वेगळा असतो. दुखणे थांबवायला पूर्ण रूट कॅनल त्याच दिवशी लागत नाही. दात उघडणे, नस काढणे, औषध घालून वर तात्पुरते सिमेंट लावणे, एवढी पहिली बैठक पुरते. उरलेल्या बैठका पुढच्या काही आठवड्यांत, हवे तर सरकारी किंवा महाविद्यालयाच्या दवाखान्यात करून घेता येतात. म्हणून खुर्चीवर बसण्याआधी विचारावे, आणि हे विचारण्यात कमीपणा मानू नये: ‘डॉक्टर, आज दुखणे थांबवायला किती लागेल? बाकीचे कधीपर्यंत केले तर चालेल? माझ्याकडे आज एवढेच आहेत.’ आपल्याकडच्या मध्यमवर्गाला हे शेवटचे वाक्य म्हणायची फार लाज वाटते. भाजी घेताना घासाघीस करणारा माणूस डॉक्टरांसमोर गप्प होतो, ‘पुढच्या आठवड्यात येतो’ म्हणून निघतो, आणि सहा महिने येत नाही. लहान गावातले बहुतेक दंतवैद्य हप्त्याने पैसे घेतात. ते काही गब्बर नसतात. खाजगी महाविद्यालयाची फी, खुर्चीचे कर्ज, जागेचे भाडे हे सगळे त्यांच्याही मानेवर असते आणि सरकारचा एक पैसा त्यांना मिळत नाही. सांगितले तर बहुतेक जण मार्ग काढतात. मात्र तात्पुरत्या सिमेंटवर वर्ष काढू नये. तो दात तुटतो किंवा पुन्हा पिकतो. आणि कळा येत असताना इम्प्लांटचा किंवा सगळ्या तोंडाच्या कामाचा निर्णय घेऊ नये, कर्जाच्या कागदावर सही तर मुळीच करू नये. ‘बिनव्याजी’ हप्त्यांतही प्रक्रिया शुल्क आणि उशिराचा दंड असू शकतो.

मोफत किंवा नाममात्र खर्चात उपचार कुठे मिळतात, ते आता सविस्तर. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून सगळे उपचार मोफत आहेत, केस पेपरलाही पैसे नाहीत. जिल्हा रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय आणि बऱ्याच ग्रामीण रुग्णालयांत दंतशल्यचिकित्सक असतो. दाढ काढणे, पू काढणे, भरणे ही कामे तिथे होतात. केंद्राचा राष्ट्रीय मुखआरोग्य कार्यक्रम २०१४ पासून याच केंद्रांना खुर्ची, साहित्य, मनुष्यबळ देण्यासाठी आहे. अनुभव सगळीकडे सारखा नाही. कुठे डॉक्टर आहेत आणि खुर्ची बिघडलेली, कुठे खुर्ची नवी आणि पद रिकामे. तरी जायच्या आधी फोन करून ‘दातांचे डॉक्टर आज आहेत का?’ एवढे विचारून घेतले तर एक फेरी वाचते.

सरकारी दंत महाविद्यालये हा सगळ्यात भक्कम आधार. मुंबईत सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारातले शासकीय दंत महाविद्यालय, मुंबई सेंट्रलला महापालिकेचे नायर दंत महाविद्यालय, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची शासकीय दंत महाविद्यालये, गोव्यात बांबोळीचे गोवा दंत महाविद्यालय. ही वैद्यकीय शिक्षण विभागाकडे, महापालिकेकडे किंवा गोवा सरकारकडे असल्याने १५ ऑगस्टचा तो निर्णय यांना लागू नाही, पण दर खाजगीच्या मानाने अगदी थोडे असतात, आणि पिवळ्या-केशरी रेशनकार्डावर सवलतीसाठी समाजसेवा अधीक्षकांना भेटता येते. इथे मूळ सुजलेली दाढ, अडकलेली अक्कलदाढ, मोडलेला जबडा अशी अवघड प्रकरणे रोज येतात, आणि ती हाताळणारे प्राध्यापक अनुभवी असतात.

खाजगी दंत महाविद्यालयांबद्दल लोकांना फारच कमी माहिती असते. लोणी, कराड, सांगली, सावंगी, खेड, पुणे, नाशिक, लातूर, अमरावती अशी ती राज्यभर पसरलेली आहेत. प्रवेशाची फी लाखांत असली तरी ओपीडीचे दर कमी असतात, काही कामे मोफतही होतात. कारण सरळ आहे: विद्यार्थ्याला पदवीसाठी ठरावीक संख्येने दाढा काढाव्या लागतात, दात भरावे लागतात, कवळ्या बनवाव्या लागतात. रुग्ण आला नाही तर त्याचे शिक्षण अडते. म्हणूनच ही महाविद्यालये खेड्यांत बस पाठवतात, शिबिरे घेतात. तिथे जाणारा माणूस कुणाच्या उपकाराखाली नसतो, त्याचीही तिथे गरज असते. काम विद्यार्थी करतो, पण शिक्षक प्रत्येक टप्पा तपासतो. वेळ मात्र जास्त लागतो. खाजगीत एका बैठकीत होणारे काम तिथे चार फेऱ्यांत होते, आणि रोजंदारीवरच्या माणसाला चार फेऱ्या म्हणजे चार दिवसांची मजुरी आणि एसटीचे भाडे. मोफत उपचाराची हीच खरी किंमत, आणि ती दूरच्या माणसाला जास्त पडते. गडचिरोली किंवा नंदुरबारमध्ये दंत महाविद्यालय नाही. भामरागडहून नागपूर ३०० किलोमीटरहून जास्त. तिथल्या माणसाने चार फेऱ्या कशा माराव्यात?

कामगारांना एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी. महिना एकवीस हजारांपर्यंत पगार असलेल्या आणि ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापला जाणाऱ्या कामगाराला आणि त्याच्या कुटुंबाला ईएसआयच्या रुग्णालयात दंतोपचार मिळतात. पगारातून पाऊण टक्का दरमहा जात असतो, आणि सुरक्षारक्षक, दुकानातले कामगार, कारखान्यातले कंत्राटी हात यांपैकी कितीकांना त्या कार्डाचा दातांसाठी उपयोग होतो हे माहीतच नसते. लहान मुलांसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. २०१३ पासून अंगणवाडी आणि शाळांत येणारे त्याचे पथक दातांचीही तपासणी करते आणि पुढच्या मोफत उपचारासाठी चिठ्ठी देते. ती चिठ्ठी दप्तरात राहून जाते. ती मागून घ्यावी.

धर्मादाय रुग्णालयांचा मार्ग पसरलेल्या संसर्गासाठी किंवा मोडलेल्या जबड्यासाठी महत्त्वाचा. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली ठरवून दिलेल्या योजनेनुसार या रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या आहेत, आणि एकूण बिलाच्या दोन टक्के रक्कम त्यासाठीच्या निधीत जमा करायची आहे. तातडीच्या रुग्णाला अनामत रक्कम न मागता जीवरक्षक उपचार द्यायचे बंधनही आहे. रेशनकार्ड किंवा तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला जवळ ठेवावा. आणीबाणीत नातेवाइकांनी कागद आणेपर्यंत उपचार अडवता येत नाहीत, हे ठामपणे सांगावे. बिल झाल्यावर नव्हे, दाखल होतानाच वैद्यकीय समाजसेवकाला भेटावे.

रात्र आणि रविवार हे या सगळ्या व्यवस्थेतले भगदाड आहे. दातांची ओपीडी सकाळी भरते आणि दुपारी मिटते. रात्री दहाला रुग्णालयाच्या अपघात विभागात गेलेल्या माणसाला कमरेत एक इंजेक्शन मिळते आणि ‘सकाळी या’ हे उत्तर. रोजंदारीचा माणूस सकाळी कामावर जातो, कारण इंजेक्शनने कळ थांबलेली असते. याच भगदाडात रस्त्याकडेचे दातवाले शिरतात. १९४८ च्या दंतवैद्यक कायद्याने नोंदणीशिवाय दातांचा धंदा करणे गुन्हा ठरवले, तरी बाजारच्या दिवशी पोत्यावर पक्कड मांडून बसलेली माणसे आजही दिसतात. निर्जंतुक न केलेल्या अवजारांतून कावीळ ब पसरते, आणि शेजारच्या दातांना चिकटवून दिलेला कृत्रिम दात दोन वर्षांत आजूबाजूचे दातही घालवतो. दाढ काढल्याने डोळे जातात, या भीतीचा त्यांना उलटा फायदा होतो: ‘आम्ही न काढता कीड काढतो’ म्हणून ते पैसे घेतात. दाढ काढण्याचा आणि नजरेचा काहीही संबंध नाही.

परदेशी असलेल्या आपल्या माणसांसाठी एक परिच्छेद. अमेरिकेत शिकायला गेलेली मुले आणि मुलांकडे गेलेले आईवडील बऱ्याचदा प्रवासी विम्याच्या भरवशावर असतात. त्यात दातांच्या अचानक दुखण्यासाठी छोटीशी मर्यादा असते आणि जुनी कीड वगळलेली. निघण्याआधी दात तपासून अर्धवट कामे पुरी करून जावे. तिथे अडचण आलीच तर विद्यापीठांची दंत महाविद्यालये आणि उत्पन्नानुसार शुल्क घेणारी सामुदायिक आरोग्य केंद्रे हे दोन मार्ग आपल्याकडच्यासारखेच आहेत.

मागण्या काय असाव्यात, याबाबत माझे मत स्पष्ट आहे. नवीन योजना नको. आहे त्या जन आरोग्य योजनेत तीन कामे, दाढ काढणे, पू काढणे आणि रूट कॅनलची पहिली बैठक, दाखल न होता मिळावीत, आणि नोंदणीकृत खाजगी दंतवैद्यांना ती ठरलेल्या दराने करता यावीत. गावपातळीवरच्या सरकारी आरोग्य केंद्रांच्या, म्हणजे आयुष्मान आरोग्य मंदिरांच्या, बारा सेवांमध्ये मूलभूत मुखआरोग्य कागदावर आधीच आहे. तिथे किमान तपासणी, वेदनाशामक आणि वेळेवर पुढे पाठवणे घडायला हवे. उपजिल्हा रुग्णालयांत आठवड्यातून तीन दिवस तरी दातांची ओपीडी संध्याकाळी भरावी, म्हणजे मजुरी बुडणार नाही. दंतवैद्यांची राज्यात वानवा नाही. दरवर्षी महाविद्यालयांतून शेकडो मुलेमुली बाहेर पडतात आणि त्यांतली कितीतरी शहरातल्या एखाद्या दवाखान्यात तुटपुंज्या पगारावर राबतात. त्यांना पदे द्यायची आहेत, एवढेच.

आणि ऊसतोड कामगार. बीड, अहिल्यानगर, जालना इथून दिवाळीच्या सुमारास निघालेल्या टोळ्या चार-पाच महिने कारखान्याच्या फडावर असतात. उचल घेतलेली असते, खाडा केला तर दंड बसतो. त्यामुळे दाढ दुखली तर गोळी आणि तंबाखू यांवरच हंगाम काढायचा. महाराष्ट्रातला पहिला सहकारी साखर कारखाना जिथे उभा राहिला त्या प्रवरानगरच्या शेजारी, लोणीत, ग्रामीण दंत महाविद्यालय आहे. कराड आणि सांगलीची महाविद्यालयेही उसाच्याच पट्ट्यात आहेत. त्यांच्याकडे फिरत्या दवाखान्याच्या बस आहेत, विद्यार्थी आहेत, शिक्षक आहेत. हंगामात आठवड्यातून दोन संध्याकाळी ही बस टोळ्यांच्या कोप्यांवर गेली, हातात धरायच्या छोट्या एक्स-रे यंत्रासह, तर पू काढणे आणि दाढ काढणे जागेवरच होईल. पैशाचा प्रश्नही सुटण्यासारखा आहे. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांकडून गाळलेल्या उसाच्या टनामागे दहा रुपये घेतले जातात आणि तितकीच भर राज्य सरकारने घालायची आहे. बसचे डिझेल, भुलीची इंजेक्शने, हातमोजे आणि एक्स-रे एवढाच हा खर्च आहे, आणि तो या निधीतून येत्या हंगामापासून देता येईल.